शेल्टरमधला ४ वर्षांचा, भरपूर एनर्जी असलेला जर्मन शेफर्ड फ्लॅटमध्ये आणावा का? रोज टेकडीवर पळवून दमवला तर शांत होईल ना?

आणा. चार वर्षांचा शेफर्ड नव्या घरात रुळतो आणि नव्या माणसांना जीवही लावतो. पिल्लूच हवं, हा हट्ट मला पटत नाही; पिल्लाचा स्वभाव कळायला दीड-दोन वर्षं जातात, मोठ्याचा समोर दिसतो.

पण ‘दमवला की शांत होईल’ यावर माझा ठाम आक्षेप आहे. पुण्यात बाणेरमधल्या एका घरात असाच एक नर गेला. ट्रेनरने सांगितलं, रोज सकाळी स्कूटरच्या बाजूने पळवा. पहिल्या आठवड्यात तो घरी येऊन गाढ झोपायचा. महिनाभरात त्याचा दम वाढला आणि तेवढं पळणं पुरेना. मग अंतर वाढवलं. डांबराने तळव्यांची कातडी सोलवटली, आणि चालत्या गाडीसोबत पळायची सवय लागल्यामुळे तो दिसेल त्या दुचाकीवर झेपावू लागला. शेवटी ‘हायपर आहे’ म्हणून परत शेल्टरमध्ये. त्याला थांबायला कुणी शिकवलंच नव्हतं!

पिंजऱ्यात उड्या मारणाऱ्या कुत्र्याची बरीचशी ‘एनर्जी’ म्हणजे ताण असतो. त्यावर पळवणं आणि पुन्हा पुन्हा बॉल फेकणं म्हणजे उत्तेजनेत भर. ही जात मेंढ्या राखायला घडवलेली आहे. तिला डोक्याला काम लागतं.

म्हणून पहिले १५ दिवस टेकडी नकोच. सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर ३०-४० मिनिटं, ३ मीटरच्या सैल पट्ट्यावर, त्याला हवा तेवढा वास घेऊ देत चालवा. पट्टा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि कॉलर दोन्हींना अडकवा. घाबरलेला कुत्रा मागे सरकून कॉलरमधून डोकं सहज काढतो. निम्मं जेवण सतरंजीवर पसरून शोधायला लावा. दिवसातून ३-४ वेळा पाच-पाच मिनिटं चटईचा सराव घ्या: चारही पाय चटईवर आले की खाऊ, आडवा झाला की आणखी, मान टेकवली की सगळ्यात जास्त. दुचाकींसाठी, तो बघेल पण ताणणार नाही इतक्या लांब उभे राहा, सुरुवातीला २५-३० मीटर तरी. गाडी दिसली की खाऊ सुरू, गेली की बंद. भुंकला तर अंतर कमी पडलं. पट्ट्याला झटका देऊ नका. घरात एकटं राहणंही ३० सेकंदांपासून वाढवत न्या.

मग वेताळ टेकडी, तीही १० मीटरच्या लांब दोरीवर. तिथे मोर आहेत, मोकळा सोडायचा नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढायच्या आत घरी.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: आणल्या आठवड्यातच रक्त तपासा. टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप, इथे सर्रास आढळतो आणि प्लेटलेट्स पडलेल्या कुत्र्याला व्यायाम नको. कंबरेचा एक्स-रे काढा, शेफर्डमध्ये हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) बराच असतो. भरपूर खाऊनही हाडं दिसत असतील आणि शी सतत पातळ असेल तर डॉक्टरांना स्वादुपिंडाची तपासणी करायला सांगा. जेवण दोन वेळा विभागून द्या, आधी-नंतर तासभर पळापळ नको. पोट फुगून नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत असतील तर सकाळची वाट न पाहता ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना गाठा. घरात पळणारं लहान मूल असेल तर हा टाचांना तोंड लावणार, त्यामुळे दोघांना एकटं सोडू नका. आणि घर रोज दहा तास रिकामं राहत असेल तर हा कुत्रा घेऊ नका.

महापालिकेचा परवाना काढा. त्याला रेबीज लसीचं प्रमाणपत्र लागतं. लिफ्टवरून सोसायटी अडली तर पशु कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा.

ट्रेनर ठरवताना एवढंच विचारा, ‘शांत बसायला कसं शिकवता?’ उत्तर ट्रेडमिल किंवा स्कूटर असेल तर त्याला पैसे देऊ नका.