वाचकांचे प्रश्न : रोहूचे बीज विकत का आणावे लागते?

प्रश्न : आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात ढिवर (मासेमार) बांधवांची संस्था दर पावसाळ्यात रोहू-कटल्याचे बीज, म्हणजे इवलीशी पिले, विकत आणून सोडते. मरळ मात्र आपोआप वाढतो. असे का, आणि ही पद्धत कधीपासूनची? – एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : मरळ स्थिर पाण्यातच अंडी घालतो आणि पिलांची राखणही करतो. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे नदीचे मासे. पूर आला, की त्यांची मादी वाहत्या, उथळ पाण्यात अंडी सोडते. तलावात तिच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर पडण्यासाठी लागणारी संप्रेरकांची चालना मिळत नाही. म्हणून पूर्वी बीज नद्यांतूनच जाळ्यांनी गोळा करीत, आणि त्यात शिकारी माशांची पिलेही मिसळलेली असत.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशांच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. मत्स्यशेतीच्या इतिहासात मला याहून मोलाचा दिवस दिसत नाही. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे, तो याच यशामुळे. पुढे तयार संप्रेरकांची इंजेक्शने आली आणि बीज नदीपासून दूरच्या केंद्रांतही निघू लागले.

आपल्या तलावात लहान पिले खाणारा मरळ असल्याने संस्थेने इवलेसे मत्स्यजिरे सोडू नये; बोटाएवढी वाढलेली बोटुकलीच सोडावी.