ओ2 लावलं की कंट्रोलर अडकतो, चूक जीसीसीची काय?

प्रश्न: उद्यमबागला आमचं छोटं युनिट आहे, फाउंड्रीवाल्यांसाठी भट्टीचं टेंपरेचर दाखवणारा कंट्रोलर बनवतो. सी कोड ओ0 ला (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद) व्यवस्थित चालतो, पण ओ2 (कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन) लावलं की सेन्सर रेडी व्हायची वाट बघणाऱ्या व्हाईल लूपमध्येच अडकून बसतो, आणि गंमत म्हणजे लूपमध्ये नुसता एक प्रिंटएफ (मेसेज छापणारं फंक्शन) टाकला की चालतो. सेन्सरचं रजिस्टर वोलाटाईलच आहे, म्हणजे दर वेळी नव्यानं वाच असं कंपायलरला सांगितलंय. जीसीसी कंपायलरमध्येच बग आहे काय? पोरं म्हणतायत ओ0 वरच माल पाठवूया. सोबत कोड जोडलाय.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: ओ0 वर माल पाठवू नका, बग तसाच आत राहील. तुमच्या हेडर फाईलमध्ये सेन्सर रेडी फंक्शनला कुणीतरी प्युअर अट्रिब्यूट (फंक्शनबद्दल कंपायलरला दिलेली हमी) लावलंय, घोळ तिथंच आहे. प्युअर लावलं म्हणजे तुम्ही कंपायलरला सांगितलं की हे फंक्शन बाहेरचं काही बदलत नाही आणि मधे मेमरी बदलली नाही तर उत्तर पण तेच येणार, स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनचं असतं तसं. हे खरं का खोटं ते कंपायलर तपासत बसत नाही, तुमच्यावर विश्वास ठेवतो, आणि तुमचा लूप तर रिकामाच, मेमरी बदलणारं त्यात काहीच नाही, मग तो एकदाच कॉल करतो आणि शून्य, म्हणजे रेडी नाही, आलं की तेच धरून फिरत राहतो. वोलाटाईल आहे फंक्शनच्या आत, पण फंक्शनच परत कॉल होत नसेल तर त्याचा काय उपयोग? वोलाटाईल मेमरीवर अवलंबून असलेलं फंक्शन प्युअर नसतं हे जीसीसीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय.

प्रिंटएफनं चालतंय ही पक्की खूण बघा. प्रिंटएफ कुठली मेमरी बदलेल ते कंपायलरला माहीत नाही, म्हणून त्यानंतर सेन्सरला परत विचारावंच लागतं. प्युअरच्या जागी कॉन्स्ट अट्रिब्यूट असतं तर प्रिंटएफ टाकून पण अडकलंच असतं, कारण कॉन्स्ट म्हणजे उत्तर फक्त आर्ग्युमेंटच्या व्हॅल्यूवर ठरतं, म्हणून तर पॉइंटर घेऊन त्याच्या मागचा बदलणारा डेटा वाचणाऱ्या फंक्शनला ते लावायचं नाही.

खात्री करायची तर जीसीसीला मायनस कॅपिटल एस देऊन असेंब्ली (कंपायलरनं बनवलेल्या मशीनच्या सूचना) काढा, ओ2 ला कॉल लूपच्या वर एकदाच दिसेल आणि खाली स्वतःवरच उडी मारणारी एक ओळ.

हार्डवेअरला हात लावणाऱ्या फंक्शनवर प्युअर, कॉन्स्ट लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, भट्टीसमोर माणसं उभी असतात हो. नॉननल (पॉइंटर कधीच नल नसेल अशी हमी देणारं अट्रिब्यूट) पण शोधा, त्यानं फंक्शनमधला नल चेक ओ2 ला न सांगता उडू शकतो. प्युअर काढा, प्रिंटएफ पण काढा, ओ2 वर बिल्ड करा, तरी अडकला तर ती असेंब्ली पाठवा.