वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत ग्रीस नेमकं कुठे दिसतं?

प्रश्न : एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसलं की ते जाडजूड खांब बघून वॉशिंग्टनचे फोटो आठवतात. हा योगायोग की काही नातं आहे? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : नातं आहे, आणि चांगलं जवळचं आहे. आपला टाउन हॉल, म्हणजे आताचं एशियाटिक, १८३३ मध्ये पूर्ण झाला आणि त्या काळात युरोप-अमेरिकेत सगळीकडे ग्रीक देवळांच्या धर्तीवर इमारती बांधायची लाटच होती. फिलाडेल्फियातली सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची इमारत १८२४ची, ती तर अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळावरूनच घेतलेली. नंतरही हे चालूच राहिलं, लिंकन मेमोरियल १९२२चं, त्याला बाहेरून ३६ डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक पद्धतीचे, खांब आहेत कारण लिंकन गेले तेव्हा राज्यं ३६ होती. नॅशव्हिलमध्ये तर पार्थेनॉन अख्खं, पूर्ण आकाराचं बांधून ठेवलंय.

पण एक सांगतो, खांब बघून लगेच लोकशाही आठवायची गरज नाही. मुंबईत ते कंपनीच्या राज्यात उभे राहिले. अमेरिकेच्या दक्षिणेत मळेवाल्यांच्या हवेल्यांनाही तेच खांब होते आणि मागे शेतात गुलाम राबत होते. आणि २८ ऑगस्ट १९६३ला त्याच पद्धतीच्या खांबांसमोर, लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर उभं राहून मार्टिन ल्यूथर किंग बोलले, तेव्हा त्या दगडांना माझ्या मते खरा अर्थ आला.

प्रश्न : मुलाला शिकवताना मी सांगितलं की लोकशाही अथेन्सहून अमेरिकेत गेली. बरोबर आहे ना? – एक वाचिका, विलेपार्ले

उत्तर : ताई, अर्धं बरोबर. अमेरिकेची घटना लिहिणारे लोक ग्रीक इतिहास कोळून प्यायलेले होते पण अथेन्सला ते घाबरायचे. घटनेच्या बाजूने लिहिलेल्या १७८७-८८च्या फेडरॅलिस्ट लेखांमध्ये स्पष्ट म्हटलंय की अथेन्सचा प्रत्येक नागरिक सॉक्रेटिस असता तरी तिथली सभा झुंडच झाली असती. सगळ्यांनी एकत्र जमून हात वर करायचे हा प्रकार त्यांना नकोच होता, म्हणून निवडलेले प्रतिनिधी, आणि सेनेट तर रोमकडून घेतलं. ग्रीकांकडून घटनेच्या शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसन, जे शिकला ते वेगळंच, की छोट्या छोट्या नगरराज्यांचे संघ मधली सत्ता दुबळी असल्यामुळे कसे मोडले. मुलाला हेही सांगा की अथेन्समध्ये बायकांना आणि गुलामांना मत नव्हतं, आणि सुरुवातीच्या अमेरिकेतही जवळपास तीच गत होती.

उलट दिशेचा प्रवासही झालाय. १८२१ मध्ये ग्रीक लोक ऑटोमन सत्तेविरुद्ध उठले तेव्हा अमेरिकेत गावोगावी वर्गणी जमली, बोस्टनचा डॉक्टर सॅम्युअल हाउ थेट तिकडे लढायला आणि जखमींना बरं करायला गेला, आणि १८२३ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष, म्हाताऱ्या जेफरसनने पॅरिसमधल्या कोराईस या ग्रीक विद्वानाला नवीन राज्यघटना कशी असावी यावर लांबलचक पत्र लिहिलं. अमेरिकेच्या सरकारने मात्र सहानुभूती दाखवून हात आखडते घेतले.

प्रश्न : मी गोरेगावला ऑडिटमध्ये आहे, वर्षभर सॉक्सचं, म्हणजे अमेरिकेच्या सारबेन्स-ऑक्सली कायद्याचं, काम करतो. परवा कळलं की त्यातला सारबेन्स हा ग्रीक घरातला. एवढ्याशा देशातले लोक अमेरिकेच्या राजकारणात इतके पुढे कसे गेले? – एक वाचक, कांदिवली

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं कारण खांबांबद्दल सगळे विचारतात, माणसांबद्दल कोणी विचारत नाही. १८९० ते १९२० च्या दरम्यान चार लाखांच्या आसपास ग्रीक अमेरिकेत गेले, बहुतेक खेड्यातले गरीब तरुण. कोणी रेल्वेचे रूळ टाकले, कोणी खाणीत गेले, कोणी मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापड गिरण्यांत. कोकणातला माणूस गिरणगावात यायचा, एका खोलीत दहाजण राहायचे आणि गावी मनीऑर्डर पाठवायची, अगदी तसंच त्यांचं होतं.

आणि जो देश सॉक्रेटिसचं नाव घेऊन कॉलेजं चालवत होता त्याच देशाने या जिवंत ग्रीकांना काय वागवलं! १९०९ मध्ये साउथ ओमाहात जमावाने ग्रीक वस्ती जाळली, लोकांना पळून जावं लागलं. १९१४ मध्ये कोलोरॅडोत लडलोला खाणकामगारांच्या संपात त्यांचा पुढारी लुई टिकास, हा क्रीटचा पोरगा, गोळ्या घालून मारला गेला. १९२४च्या कायद्याने ग्रीसचा कोटा वर्षाला फक्त १०० माणसं. मला याचा आजही राग येतो, पूर्वजांचे पुतळे पुजायचे आणि नातवंडांना दारात उभं करायचं नाही.

पण ते लोक संघटित झाले. १९२२ मध्ये अटलांटात, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा जोर असताना, अहेपा ही संघटना काढली, नागरिकत्व घ्या, इंग्रजी शिका, मतदान करा हा तिचा आग्रह. पुढची पिढी याच घरांतून आली. सारबेन्सच्या आईवडिलांचं मेरीलँडमध्ये छोटं रेस्टॉरंट होतं, तो ३० वर्षं सेनेटर राहिला आणि एन्रॉन कंपनीच्या हिशोबाच्या घोटाळ्यानंतर २००२चा तो कायदा आणला ज्यामुळे कंपनीच्या हिशोबावर सीईओला स्वतः सही करावी लागते आणि तुम्हाला गोरेगावात रात्री जागावं लागतं. लोवेलच्या ड्रायक्लीनरचा मुलगा पॉल सॉन्गस सेनेटर झाला. मायकेल डुकाकिस १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, हरले. सगळेच स्वच्छ होते असं नाही, उपाध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू यांना १९७३ मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीत राजीनामा द्यावा लागला. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य घुसवलं तेव्हा याच ग्रीक खासदारांनी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांचा विरोध असूनही काँग्रेसकडून शस्त्रबंदी लावून घेतली, ती १९७८पर्यंत टिकली.

मला सगळ्यात मोठं नाव वाटतं ते मात्र निवडणूक न लढलेलं. आर्चबिशप इआकोवोस, तुर्कस्तानातल्या इम्ब्रोस बेटावर अल्पसंख्य म्हणून वाढलेला माणूस. मार्च १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्मात, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काच्या लढ्यात, ते किंग यांच्या शेजारी उभे राहिले, लाइफ मासिकाच्या कव्हरवर तो फोटो आला, त्यांच्याच समाजातले कितीतरी लोक चिडले, तरी ते मागे हटले नाहीत.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत शिकायला गेलीय, म्हणते इथे घरांवर ग्रीक अक्षरं असतात आणि तिला सोरॉरिटीत, म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या संघटनेत, बोलावलंय. हे ग्रीक लोकांचं मंडळ असतं का? – एक वाचिका, दादर

उत्तर : नाही, ग्रीसशी संबंध फक्त अक्षरांपुरता. १७७६ मध्ये फाय बीटा कॅपा ही विद्यार्थ्यांची संघटना निघाली तिथून ही प्रथा पडली. पण हलक्यात घेऊ नका. गोऱ्यांच्या संघटना आत घेत नव्हत्या म्हणून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःच्या काढल्या, १९०६ मध्ये कॉर्नेलमध्ये अल्फा फाय अल्फा, १९०८ मध्ये हॉवर्डमध्ये अल्फा कॅपा अल्फा. किंग पहिलीचे सदस्य, कमला हॅरिस दुसरीच्या. या ओळखी आयुष्यभर कामाला येतात. मुलीला एवढंच सांगा की फी किती, वेळ किती जाणार आणि नवीन मुलींकडून काय काय करून घेतात हे आधीच्या सदस्यांना विचार, तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर सरळ नाही म्हण.