खुब्याच्या ऑपरेशननंतर ७८ वर्षांच्या आईला घरी आणतोय. आधी काय बघू?

आधी गोळ्या. डिस्चार्ज कार्ड आणि घरातला जुना गोळ्यांचा डबा, दोन्ही घेऊन फॅमिली डॉक्टरांना गाठा. हॉस्पिटलातून बीपीची गोळी नव्या ब्रँडची मिळते आणि घरची जुनीही चालूच राहते. आमच्या बाबांच्या दोन्ही पाकिटांवर बारीक अक्षरांत टेल्मिसार्टन हे बीपीचं एकच औषध लिहिलेलं होतं! सर्जन हाड बघतात, फिजिशियन शुगर. सगळं एकत्र बघणारं कुणीतरी एक लागतं, आणि आपल्याकडे ते बिनपगारी काम बहुतेक वेळा लेकीच्या नाहीतर सुनेच्या गळ्यात पडतं. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट डिस्चार्जच्या आधीच ठरवून ठेवा. वॉकर बाथरूमच्या दारातून जातो का, तेही मोजा. आयुष्मान कार्डावर ऑपरेशन झालं असेल, तर पुढच्या १५ दिवसांची औषधं पॅकेजमध्येच धरलेली असतात. निघताना मागून घ्या.