काकाजींना विचारा : ज्वारीची बिअर होते काय?

(वाळूजच्या एका बिअर कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी करून आमचे काकाजी आता मोर्शी तालुक्यातल्या आपल्या गावी शेती पाहतात. पिण्याबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना ते इथे उत्तरं देतात.)

काकाजी, आमच्या इथल्या शॉपीत एकाच ब्रँडची बाटली एकदा झकास लागते अन् दुसऱ्यांदा तिले घाण वास येते. डुप्लिकेट माल हाय काय?
– दारव्हा तालुका, यवतमाळ

डुप्लिकेटचा संशय सगळ्यांनाच आधी येतो, पण बहुतेक वेळा माल खराच असतो. दुकानदाराने त्याचे हाल केलेले असतात. पुढच्या वेळी क्रेट कुठे रचलेत ते बघ. दाराशी, उन्हात? मग झालं. बिअरला कडूपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. त्या कडू द्रव्यावर उजेड पडला की गंधकाचा कुबट वास सुटतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फार कमी, आणि पांढरी काच जवळजवळ नाहीच. त्यामुळे हिरव्या बाटलीतली परदेशी बिअर महाग म्हणजे चांगली, असं धरून चालू नको. कॅनला उजेडाची भीती नसते.

दुसरा शत्रू उष्णता. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या गोदामात पडलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, मग ब्रँड कोणताही असो. बाटलीवर तारीख छापलेली असते, ती वाचायची सवय लाव. मी तीन महिन्यांपेक्षा जुनी घेत नाही. दुकानदार ‘काही होत नाही भाऊ’ म्हणतो, म्हणू दे.

लाइन गेली असेल आणि फ्रिज बंद असेल तर घमेल्यात बर्फ, पाणी आणि दोन मुठी मीठ टाक, बाटली गळ्यापर्यंत बुडव. वीस मिनिटांच्या आत गार. पाणी हवंच, कारण नुसता बर्फ बाटलीला चार ठिकाणी टेकतो, पाणी सगळीकडून. बर्फ मिळाला नाही तर ओला फडका गुंडाळून कूलरसमोर ठेव. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे बऱ्यापैकी जमतं, पावसाळ्यात नाही. आणि ग्लासात बर्फ टाकणाऱ्याला मी काही बोलत नाही, पण माझ्या घरी टाकू देत नाही.

आम्ही दोघंही शिक्षक. दिवाळीत लेकीकडे पुण्याला चाललो. जावई मायक्रोब्रुअरीत नेतो म्हणतात. नागपूरला गेलो तर कधीमधी एक बाटली दोघांत घेतो, यापलीकडे आमचा अनुभव नाही. तिथे काय मागवायचं? आणि दोन बाटल्या घरी आणता येतील काय?
– हिंगणघाट

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो : आणू नका. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिकीत सीलबंद ठेवली तरी गुन्हा तो गुन्हाच. समृद्धीने नागपूरहून निघालेल्या कित्येकांना वर्धा जिल्हा वाटेत लागतो हेच लक्षात नसतं. गडचिरोलीतही १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरची २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. शिवाय मायक्रोब्रुअरीतली, म्हणजे हॉटेलातच छोट्या प्रमाणावर बनवलेली, बिअर सहसा गाळलेली नसते आणि पाश्चराइजही केलेली नसते. तिच्यात यीस्ट (बिअर आंबवणारी बुरशी) जिवंत असतं. पुण्याहून रात्रभर गाडीत हिंदकळत, कोमट होत ती हिंगणघाटला आली तर तुम्ही मलाच शिव्या घालाल. ती तिथेच प्यायची चीज आहे.

आता मागवायचं काय? पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, आता तिथे अशा बऱ्याच जागा आहेत. बहुतेक ठिकाणी चार-सहा छोट्या ग्लासांचा ‘सॅम्पलर’ मिळतो, तो दोघांत एक घ्या. क्रम महत्त्वाचा. आधी गव्हाची. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येईल. त्यात केळंही नसतं, लवंगही नसते, ही सगळी त्या विशिष्ट यीस्टची करामत. मग पेल एल, म्हणजे बेताची कडू बिअर. मग आयपीए, म्हणजे हॉप्स भरपूर असलेली कडू बिअर. काळीभोर स्टाउट सगळ्यात शेवटी. ती भाजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची असते, तिला कॉफीसारखी चव येते. ती फार थंड पिऊ नका, पाच मिनिटं ग्लास हातात धरा, मग खुलते. आयपीएपासून सुरुवात केली तर पुढच्या सगळ्या बिअर पाण्यासारख्या लागतील. ‘आज ताजी कोणती?’ हे बेधडक विचारा. ज्यांना आपल्या बिअरची कदर असते ते अशा प्रश्नाने खूश होतात. लाजायचं तर जावयाने लाजावं.

येताना टॅक्सी करा.

काकाजी, सोयाबीनच्या भावानं वाट लावली. आमच्या बुढ्याच्या काळी घरची ज्वारी रहायची. मोबाइलवर पाह्यलं का आफ्रिकेत ज्वारीची बिअर बनते. खरं हाय काय? घरी करून पाह्यली तर?
– मूर्तिजापूर तालुका, अकोला

खरं आहे, राजेहो. आणि तिकडे हा काही नवा शोध नाही. दक्षिण आफ्रिकेत उमकोम्बोती नावाची बिअर मका आणि ज्वारीच्या माल्टपासून घरोघरी बनते. गढूळ, आंबूस, दाट, आणि नशेला हलकी. पण तुझ्या कामाची गोष्ट नायजेरियाची आहे. त्या देशाने १९८८ मध्ये जवाची आणि जवाच्या माल्टची आयातच बंद केली. तिकडे जव फारसं पिकत नाही. मोठमोठे कारखाने आधी ओरडले, मग मुकाट्याने ज्वारी-मक्याकडे वळले आणि त्यातून स्वच्छ, सोनेरी लागर, म्हणजे आपल्या नेहमीच्या बाटलीतल्यासारखी बिअर, काढून दाखवली. युगांडात ईगल लागरसाठी एपुरिपुर या जातीची ज्वारी शेतकऱ्यांकडून घेतली गेली, आणि स्थानिक धान्याची म्हणून सरकारने तिच्यावरचा कर कमी ठेवला. म्हणजे तिथे कारखान्याबरोबर कृषी खातं आणि अर्थ खातंही कामाला लागलं होतं. आपल्याकडे असं काही घडलं तर मी मोर्शीहून चालत अकोल्याला येईन.

मग सगळे ज्वारीच का वापरत नाहीत? जवाच्या दाण्याला फोल घट्ट चिकटलेलं असतं. माल्ट गरम पाण्यात भिजवून रस काढताना हेच फोल चाळणीचं काम करतं. मळणीत ज्वारीचा दाणा उघडा होतो, त्यामुळे लगदा बसतो आणि रस गळता गळत नाही. दुसरी अडचण तापमानाची. दाण्यातल्या स्टार्चची साखर करणारे एन्झाइम साधारण पासष्ट अंशांवर छान चालतात. जवाचं स्टार्च तेवढ्यात फुलतं. ज्वारीचं फुलायला सत्तरच्या पुढे जावं लागतं, आणि तिथे एन्झाइम मरायला लागतात. मुळात ज्वारीत ते जवापेक्षा कमीच असतात. म्हणून कारखान्यात ज्वारी आधी वेगळी शिजवतात, निववतात आणि मग त्यात एन्झाइम घालतात. मी प्रयोगशाळेत जवासोबत थोडी ज्वारी घालून चाचणी केली होती. चव कोरडी, हलकी, थोडी तुरट. मला आवडली, साहेबांना नाही.

तिसरी गोष्ट तुला माहीत आहे, फक्त ती बिअरला जोडून कधी पाहिली नसशील. पावसाने ताण दिला की ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन गुरं दगावतात. ते विष म्हणजे सायनाइड, आणि ज्वारीला मोड आणले की त्या मोडांतही ते तयार होतं. माल्ट करताना दाणा नीट वाळवून मोड आणि मुळ्या काढून टाकतात, उष्णतेनेही ते बरंचसं उडून जातं. हे मोजायला प्रयोगशाळा लागते. व्हिडिओ पाहून मडक्यात करायचं हे काम नव्हे.

आणि कायदा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात परवान्याशिवाय कुठलंही मद्य बनवणं हा गुन्हा आहे. घरापुरतं, एक बादली, दोस्तांसाठी, असली सूट त्यात नाही. प्यायलासुद्धा परवाना लागतो आणि बिअरसाठी वय एकवीस पूर्ण हवं. तेव्हा ज्वारी जरूर पेर, हुरड्याला मला बोलाव, बिअरचं नंतर पाहू.

सावजी मटणासोबत कोणती बिअर?
– सावनेर

कडू तर अजिबात नको. हॉप्सचा कडूपणा आणि बुडबुडे तिखटाची आग आणखी भडकवतात. स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांपर्यंत असते, तिच्यातल्या अल्कोहोलनेही तेच होतं, आणि आपल्याकडे लोक नेमकी तीच मागवतात. गव्हाची मिळाली तर उत्तम, नाहीतर साधी माइल्ड, गार. खरं विचारशील तर सावजीसोबत पाणीच बरं. बिअर आधी घ्यावी, शेंगदाणे, फुटाणे किंवा सांभारवडीसोबत.

आमची संत्र्याची बाग आहे. संत्रा घालून बिअर करतात म्हणे?
– वरुड

करतात, आणि तिची कथा आपल्या लोकांना आवडेल अशी आहे. बेल्जियममध्ये हूगार्डन नावाचं गाव आहे. तिथे गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळलेली साल आणि धने घालायची जुनी रीत. १९५० च्या दशकात गावातला शेवटचा कारखाना बंद पडला. पिअर सेलिस नावाचा तिथलाच एक दूधवाला त्या कारखान्याच्या शेजारी वाढलेला, लहानपणी तिथे हाताखाली काम केलेला. त्याने १९६६ मध्ये ती बिअर पुन्हा सुरू केली. आज ती जगभर जाते.

साल आणि धने, दोन्ही तुमच्या घरात आहेत. बिअर बनवू नका, पण एवढं करा : मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, तेव्हा एका संत्र्याच्या सालीची पट्टी काढा, आतली पांढरी बाजू सुरीने खरवडून टाका, ती कडू असते. पट्टी ग्लासावर चिमटीत धरून पिळा, सालीतलं तेल फेसावर उडेल. मग गव्हाची गार बिअर असेल तर ती, नसेल तर साधी माइल्ड. संत्र्याचा रस मात्र त्यात ओतू नका, फेस बसतो.