इब्न हजर अस्कलानी एखादी हदीस नेमकी कशी पारखत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: इजिप्तचे हदीस-पंडित इब्न हजर अस्कलानी यांना एवढं का मानतात, आणि हदीसखाली ‘सहीह’ (पक्की) किंवा ‘जईफ’ (दुबळी) लिहिलेलं असतं ते कशावरून. मी दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि कृतींची नोंद. तिच्यात मत्न म्हणजे मजकूर, आणि सनद म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला याची साखळी. इमाम बुखारींच्या ‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहातली पहिली हदीस घ्या, ‘कृतीचं मोल हेतूवर ठरतं’ ही. तिची सनद अशी: बुखारींनी ऐकली हुमैदींकडून, त्यांनी सुफयान, त्यांनी यह्या बिन सईद, त्यांनी मुहम्मद बिन इब्राहीम, त्यांनी अल्कमा आणि अल्कमांनी हजरत उमर यांच्याकडून. उमर यांच्यापासून यह्यांपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकेकच रावी (हदीस सांगणारा) आहे. यह्यांकडून ऐकणारे मात्र पुष्कळ. अशा हदीसला ‘गरीब’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द वाचून लोक ती दुबळी समजतात. इथे गरीब म्हणजे एकाकी. ही हदीस गरीब आहे आणि पक्की सहीहही आहे.

सहीह ठरायला पाच गोष्टी लागतात: साखळी अखंड हवी, प्रत्येक रावी सचोटीचा हवा, त्याची स्मरणशक्ती किंवा टिपण चोख हवं, त्याहून भरवशाच्या रावींच्या विरोधात मजकूर जाता कामा नये, आणि आत लपलेला दोष नको. शेवटची अट सगळ्यात अवघड. वरून निर्दोष दिसणारी सनद दहा ठिकाणच्या पाठांशी ताडल्यावरच तिच्यातली चूक सापडते.

इब्न हजर यांचं मोठेपण मला इथे दिसतं. ‘तकरीब अत्-तहजीब’ या रावींच्या कोशात त्यांनी सुमारे 8800 रावींना एकेका ओळीत बसवलं. प्रत्येकाला 12 पायऱ्यांपैकी एक पायरी दिली: वर पैगंबरांचे सहाबा म्हणजे सोबती, तळाला खोटारडे. शिवाय पिढ्यांचेही 12 थर पाडले. पहिले दोन थर हिजरी (इस्लामी कालगणना) 100च्या आत वारलेल्यांचे, तिसरा ते आठवा 100 नंतरच्यांचा, पुढचे 200 नंतरच्यांचे. त्यामुळे आठव्या थरातला रावी थेट सहाब्याचं नाव घेऊ लागला, की मधली कडी गळालीय हे लगेच कळतं.

उदाहरणार्थ, इजिप्तचे काझी इब्न लहीआ. इब्न हजर त्यांना सातव्या थरात ठेवतात आणि लिहितात, की माणूस सच्चा, पण पुस्तकं जळाल्यानंतर गोंधळ झाला; इब्नुल मुबारक आणि इब्न वहब यांनी त्यांच्याकडून घेतलेलं इतरांपेक्षा नीट आहे. म्हणजे ‘इब्न लहीआ जईफ’ एवढं म्हणून भागत नाही. त्यांच्याकडून ऐकणारा कोण, हे पाहावंच लागतं.

‘मकबूल’ या सहाव्या पायरीवर तर नवशिके हमखास चुकतात. शब्दाचा अर्थ ‘स्वीकारलेला’. पण तकरीबच्या प्रस्तावनेत स्पष्ट सांगितलंय, की दुसऱ्या कुणाची साथ मिळाली तरच मकबूल, नाहीतर कच्चा. प्रस्तावना न वाचता तकरीब उघडू नका.

आता त्यांच्या आयुष्याबद्दल थोडं. जन्म इजिप्तमध्ये, हिजरी 773 (1372). आईवडील लहानपणीच गेले. हदीसमधले मुख्य गुरू जैनुद्दीन इराकी. पुढे कैरोत शाफिई (सुन्नी कायद्याच्या चार पंथांपैकी एक) पंथाचे मुख्य काझी झाले. हे पद कितीदा गेलं आणि परत आलं! सहीह बुखारीवरचं ‘फतहुल बारी’ हे भाष्य त्यांनी 817 मध्ये सुरू केलं आणि 842 मध्ये (1438) पुरं केलं. आठवड्याच्या बैठकीत विद्यार्थी लिहिलेला भाग मूळ प्रतीशी ताडून पाहत, शंका काढत. इतकी वर्षं लागली ती त्यामुळेच. मृत्यू 852 (1449).

प्लेगमध्ये त्यांच्या तीन मुली गेल्या. प्लेगवरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी हिजरी 833 मधली नोंद ठेवलीय: कैरोबाहेर सामूहिक प्रार्थनेला लोक जमले तेव्हा रोजचे मृत्यू चाळिसाच्या आत होते, महिना संपायच्या आत ते हजारावर गेले. दुःखातही आकडे टिपणारा हा माणूस.

वाचायला सुरुवात करायची तर ‘नुख्बतुल फिकर’ या हदीसशास्त्रावरच्या त्यांच्याच छोट्या पुस्तकापासून करा. पानं मोजकी आहेत, आणि त्यावर त्यांनीच ‘नुज्हतुन नजर’ हे भाष्य लिहिलंय. मग तकरीब. एखाद्या रावीबद्दल मतभेद असतील तर त्यांचा मोठा कोश ‘तहजीब अत्-तहजीब’ पाहा. हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या प्रकाशन संस्थेने तो 12 खंडांत छापला. जुन्या मदरशाच्या ग्रंथालयात ती आवृत्ती मिळते का, विचारून पाहा.