आधी ‘सुटली’ म्हणा

रामकृष्ण हरी माउली,

गंगाखेडजवळच्या तुमच्या गावाहून आलेलं चार पानी पत्र दोनदा वाचलं. घरात तीन पिढ्यांची वारी. मुलाला बारावीला ८४ टक्के, सीईटीला ९६ पर्सेंटाइल. त्याला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. तुम्हाला वाटतं, पुण्याच्या हवेत गळ्यातली माळ टिकणार नाही, म्हणून त्याला आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत ठेवावं.

मार्कांची मला काळजी नाही. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांत पर्याय विचारानं लावले, तर पुण्यात बऱ्यापैकी कॉलेज मिळू शकतं. काळजी वाटली ती तिसऱ्या पानाची. लातूरला क्लाससाठी राहताना हॉस्टेलमधली मुलं चिडवायची, म्हणून त्यानं माळ कॉलरच्या आत घातली. हे कळल्यावर तुम्ही महिनाभर त्याच्याशी बोलला नाहीत, आणि मग पांडुरंगाची शपथ घातलीत की पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही.

माउली, त्यानं माळ झाकली, उतरवली नाही. सतरा वर्षांचं पोर घरापासून लांब रोज टिंगल ऐकतं आणि तरी तुळस गळ्यात ठेवतं. मला ही तुमच्या घरच्या संस्कारांची कमाई वाटली. तुम्हाला तिचीच लाज वाटली. वाईट वाटेल, पण लिहितो: हॉस्टेलच्या मुलांनी त्याची श्रद्धा जेवढी हलवली नसेल, तेवढी तुमच्या अबोल्यानं हलवली असेल.

तुमची भीती खोटी नाही. दारूची पार्टी, रात्रभरचा मोबाइल, सट्ट्याची ॲप, ‘एकदा घेऊन तर बघ’ म्हणणारे मित्र, हे सगळं पुण्यात आहे. माझ्यासमोर बसून कितीतरी मुलांनी हे रडत सांगितलंय. यातलं बरंचसं आता तालुक्याच्या गावीही पोचलंय. तुमचं पोर एखाद्या वेळी घसरेलही. त्या रात्री ते फोन कुणाला करेल? कॉलरखालच्या माळेसाठी ज्या बापानं महिनाभर तोंड फिरवलं, त्याला करणार नाही. माळ तुटली तर माळकरी ती पुन्हा ओवून गळ्यात घालतो, तोवर घास घेत नाही. पोराच्या बाबतीत तुम्ही दोराच लपवून ठेवलाय.

आता आळंदीबद्दलचा गैरसमज. जोग महाराजांनी १९१७ साली ही संस्था काढली, ती शहराला घाबरणाऱ्या आईबापांनी मुलं ठेवावीत म्हणून नव्हे. तिथं चार वर्षं ज्ञानेश्वरी, गाथा आणि कीर्तन मन लावून शिकायचं असतं. ज्याला आतून ओढ आहे, त्यानं जरूर जावं, ते मोठंच भाग्य. मन मारून बसवलेला मुलगा पुढे कीर्तनाला उभा राहिलाच, तर पोटासाठी उभा राहील, आणि तुकोबांना त्याची किती चीड होती हे मी तुम्हाला काय सांगावं! त्याच जोग महाराजांचे शिष्य सोनोपंत दांडेकर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, तिथंच प्राचार्य झाले, आणि कीर्तन-प्रवचन कधी सोडलं नाही. अरणचे सावता महाराज तर मळ्यातच राहिले. तुमच्या संप्रदायानं कामधंद्याला देवाच्या आड येणारी गोष्ट कधी मानलंच नाही.

तुम्ही पाकीट चिकटवण्याआधी पाहिलंत की नाही, ठाऊक नाही. शेवटच्या पानामागे त्यानं पेन्सिलीनं एक ओळ लिहिलीय: ‘सर, पुण्यात राहून एकादशीला आळंदीला जाता येईल का?’

येईल रे बाळा. पुण्यातली किती तरी नोकरदार माणसं दर वद्य एकादशीला आळंदीची वारी करतात. शाकाहारी मेस आणि हरिपाठाला बसणारा एखादा सोबती तूच शोध. आणि माउली, आषाढीच्या वाटेवर पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असते. दिंडीतून वेळ काढून त्याच्या खोलीवर जा, चहा घ्या, पाठीवर हात ठेवा.

पण त्याआधी आज रात्री त्याला जवळ बसवून ‘शपथ सुटली’ म्हणा. कॉम्प्युटरच का, हे मला त्याच्याकडूनच ऐकायचंय. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, पेननं.